कोणती कार्डे ग्रेडिंगला पाठवावीत: या चुका टाळा

पुण्या-मुंबईतील संग्राहकाने खेळाडूचे किंवा पोकेमॉनचे एक ट्रेडिंग कार्ड अमेरिकेतील ग्रेडिंग कंपनीकडे, म्हणजे कार्ड अस्सल आहे का ते तपासून त्याच्या स्थितीला अंक देणाऱ्या कंपनीकडे, पाठवून परत आणायचे ठरवले, तर ग्रेडिंगचे शुल्क, मध्यस्थाचे कमिशन, दोन्ही बाजूंचे कुरिअर, विमा आणि परतीच्या पार्सलवर लागू शकणारी कस्टम्स ड्यूटी असे पाच खर्च त्या एका कार्डावर बसतात. शिवाय कार्ड कित्येक आठवडे, कधी महिने, हाताबाहेर राहते ते वेगळेच. तरीही निवड करताना बहुतेक जण ‘हे कार्ड महाग आहे का?’ एवढेच विचारतात. विचारायला हवे ते निराळे. कार्ड आज रॉ स्थितीत, म्हणजे ग्रेड न करता, जेवढ्याला जाते आणि त्याला मिळण्याजोग्या ग्रेडसह जेवढ्याला जाईल, त्या दोन किमतींतील फरक एकूण खर्चाहून स्पष्टपणे जास्त आहे का, हे पाहायचे असते. चांगले महागडे कार्ड या हिशेबात बसत नाही आणि मळकट दिसणारे जुने कार्ड सहज बसते, असे अनेकदा घडते.

फक्त 10 ची किंमत पाहणे

सर्वांत खर्चिक चूक हीच आहे. पीएसए या कंपनीच्या मापपट्टीवर 10 ही सर्वोच्च ग्रेड आहे, आणि इंटरनेटवर डोळ्यांत भरणारे आकडे बहुधा त्याच ग्रेडचे असतात. समजा, एक कार्ड रॉ स्थितीत 4,000 रुपयांना जाते, 9 ग्रेडला 5,500 आणि 10 ग्रेडला 14,000 मिळतात, आणि पाठवण्याचा सगळा खर्च धरून 3,500 रुपये होतो. हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. वरवर पाहता दहा हजारांचा फायदा दिसतो. पण अशा दहा कार्डांपैकी तीन 10 ग्रेडची निघाली, सहा 9 ची आणि एक 8 चे निघून 3,500 ला गेले, तर प्रत्येक कार्डामागे सरासरी 7,850 रुपये हाती येतात. त्यातून खर्च आणि विक्रीवरचे बारा टक्के कमिशन वजा केले की सुमारे 3,400 उरतात. तेच कार्ड आज रॉ विकले, तर तेवढेच कमिशन देऊनही 3,520 मिळतात. म्हणजे इतके महिने थांबून प्रत्येक कार्डामागे शंभर रुपयांचा तोटाच पदरी पडतो.

म्हणून कसोटी 9 च्या ग्रेडवर लावावी. कार्डाला 9 मिळाली तरी आपण खर्चासकट बरोबरीत सुटत असू, तर ते बिनधास्त पाठवावे. केवळ 10 आली तरच जमेल असे कार्ड हा जुगार आहे, आणि तो खेळायचाच असेल तर खेळतो आहोत हे ठाऊक असावे.

किमती पाहताना विक्रेत्याने मागितलेला भाव धरू नये. ईबेवर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी पाहता येते, आणि त्यातील एखादीच चढी विक्री न घेता अलीकडच्या अनेक विक्री पाहाव्यात. कंपन्या प्रत्येक कार्डाच्या कोणत्या ग्रेडच्या किती प्रती आजवर दिल्या याची मोजणी, म्हणजे पॉप रिपोर्ट, प्रसिद्ध करतात. तो अवश्य पाहावा, मात्र त्याचा अर्थ लावताना दोन गोष्टी विसरू नयेत. एखाद्या कार्डाच्या निम्म्या प्रतींना 10 मिळालेली दिसली, तरी आपल्या कार्डाची शक्यता पन्नास टक्के ठरत नाही, कारण लोकांनी आधीच चाळून निवडलेल्या प्रतीच त्या मोजणीत असतात. दुसरे म्हणजे, ग्रेड केलेले कार्ड ज्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत येते ती फोडून पुन्हा पाठवलेले कार्ड त्यात दोनदा मोजले गेलेले असू शकते.

छपाई अमाप असली की 10 ग्रेडलाही फारसे अप्रूप उरत नाही. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची अमेरिकी बेसबॉल कार्डे इतक्या प्रचंड संख्येने छापली गेली की संग्राहक त्या काळाला उपहासाने ‘जंक वॅक्स’ म्हणतात. 1989 च्या अपर डेक कंपनीच्या संचातील बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनिअरचे पहिल्या क्रमांकाचे कार्ड त्या पिढीचे लाडके आहे, पण त्याच्या पीएसए 10 प्रती चार हजारांहून अधिक आहेत. त्याच्याशेजारी 1986 च्या फ्लीअर कंपनीच्या संचातील बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचे 57 क्रमांकाचे कार्ड ठेवावे. त्याच्या 10 ग्रेडच्या प्रती तीनशेच्या थोड्या वर आहेत. दोन्ही कार्डे विख्यात आहेत, पण पहिल्याची 10 ग्रेड दुसऱ्याइतकी दुर्मीळ नाही.

जॉर्डनच्या याच कार्डाने घाईची किंमतही दाखवून दिली. जानेवारी 2021 मध्ये त्याच्या पीएसए 10 प्रती एका लिलावात प्रत्येकी 7,38,000 डॉलरला गेल्या आणि त्याच वर्षी पुढे त्याच ग्रेडची प्रत त्याच्या निम्म्याहूनही कमी भावाला विकली गेली. त्या तेजीत सगळ्यांनी एकदमच कार्डे पाठवली, पीएसएकडे साठलेल्या कार्डांची संख्या एक कोटीवर गेली आणि मार्च 2021 च्या अखेरीस कंपनीला आपल्या बहुतेक सेवा थांबवाव्या लागल्या. तेजीच्या भावावर हिशेब करून पाठवलेली कार्डे मंदीत परत आली. एखादा खेळाडू सामना गाजवतो त्या आठवड्यातील भाव धरून निर्णय घेऊ नये, तो याचसाठी.

कार्ड नीट न पाहणे

माझ्या पहिल्या पाठवणीतील सहा कार्डांपैकी चार 9 होऊन परत आली. दोष टेबलावरच्या दिव्याचा होता: वरून सरळ पडणाऱ्या प्रकाशात होलो, म्हणजे चमकत्या फॉइलच्या, पृष्ठभागावरचे ओरखडे दिसतच नाहीत. कार्ड स्लीव्हमधून, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून, बाहेर काढावे, स्वच्छ कोरड्या हातांनी कडेने धरावे आणि एकाच दिव्याखाली तिरके करून हळूहळू फिरवावे. छपाईच्या वेळीच उमटलेली रेषा, दाबाचा खळगा आणि ओरखडे हे तिन्ही दोष याच कोनात उघडे पडतात. पोकेमॉन कार्डांत मागच्या निळ्या किनारीवर पांढरे ठिपके येतात, ते दहापट भिंगातून पाहावेत. किनार गडद रंगाची असेल, तर ती कार्डाची चुगली करते. 1971 च्या टॉप्स कंपनीच्या बेसबॉल संचाची काळी किनार इतकी सहज उडते की त्या संचातील कार्डांना वरच्या ग्रेड मिळणे दुर्मीळ झाले आहे.

सेंटरिंग, म्हणजे छपाई कार्डाच्या किती मधोमध आहे ते, डोळ्यांनी जोखू नये, मोजावे. डावी किनार 3.5 मिलिमीटर आणि उजवी 2.5 मिलिमीटर असेल, तर एकूण 6 पैकी 3.5 म्हणजे साधारण 58 टक्के. हे प्रमाण 58/42 झाले. पीएसए 10 साठी दर्शनी बाजूला सुमारे 55/45 आणि मागच्या बाजूला 75/25 पर्यंतच सूट देते, त्यामुळे हे कार्ड कोपऱ्यांनी कितीही धारदार असले तरी 9 वर थांबणार. वरची-खालची किनारही अशीच मोजावी आणि दोन्हींपैकी जे प्रमाण वाईट असेल ते धरावे. ही मोजणी दोन मिनिटांची आहे आणि माझ्या अनुभवात निम्मी कार्डे तिथेच बाद होतात.

आवृत्ती न ओळखणे

1999 च्या इंग्रजी पोकेमॉन बेस सेटमधील चारिझार्ड या पात्राच्या प्रत्येक कार्डावर 4/102 हाच क्रमांक असतो, पण त्याच्या छपाया वेगवेगळ्या आहेत आणि भावात जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्या आवृत्तीच्या कार्डावर चित्राच्या खाली डावीकडे गोल शिक्का असतो आणि चित्राच्या चौकटीला उजवीकडे सावली नसते. त्यानंतरच्या ‘शॅडोलेस’ छपाईत शिक्का नाही, सावलीही नाही. तळाच्या हक्कविषयक ओळीत मात्र निन्टेन्डोच्या नावाआधी 1995, 96, 98, 99 अशी चार वर्षे येतात. पुढच्या मोठ्या छपाईत, जिला अनलिमिटेड म्हणतात, सावली आली आणि त्या यादीतील 99 गेले. घरोघरी सापडणारे कार्ड बहुतेक वेळा हेच शेवटचे असते. पहिल्या आवृत्तीचे पीएसए 10 चारिझार्ड मार्च 2022 मध्ये 4,20,000 डॉलरला विकले गेले ही बातमी वाचून खिशात राहून झिजलेली अनलिमिटेड प्रत पाठवणाऱ्यांची निराशा ठरलेली आहे.

साफसफाई आणि दुरुस्ती

कोरड्या मऊ मायक्रोफायबरने बोटाचा ठसा अलगद टिपणे इथपर्यंत ठीक आहे. त्यापुढे जाऊन पॉलिश लावणे, वळलेले कार्ड दाबून सपाट करणे, उडालेल्या काळ्या कडेवर मार्कर फिरवणे किंवा झिजलेली कड पातीने कापणे ही फेरफार मानली जाते आणि कार्ड अंकाविना परत येते. ट्रेडिंग कार्डाचे रूढ माप अडीच बाय साडेतीन इंच आहे, त्यामुळे शंका असलेले कार्ड त्याच संचातील साध्या कार्डावर ठेवून चारही बाजू जुळतात का ते पाहावे. गंमत अशी, की 1991 मध्ये स्थापन झालेल्या पीएसएने ग्रेड केलेले पहिले कार्डच कापलेले होते. बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या त्या प्रसिद्ध तंबाखू-कार्डाला (सिगारेटच्या पाकिटातून मिळणाऱ्या कार्डाला) 8 ग्रेड मिळाली होती, पुढे 2007 मध्ये ते 28 लाख डॉलरला गेले, आणि 2013 मध्ये लिलावदार बिल मास्ट्रो याने ते आपण कापल्याची कबुली न्यायालयात दिली. वॅग्नरचे कार्ड त्या बदनामीनेही आणखी प्रसिद्ध झाले. आपले कार्ड होत नसते.

आपल्याकडचा खास दोष दमटपणाचा आहे. फॉइलचा थर ओलावा घेत नाही आणि कागद घेतो, म्हणून कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर उघड्यावर राहिलेली होलो कार्डे धनुष्यासारखी वळतात. इस्त्रीचा मोह टाळून ती सिलिका जेलसह हवाबंद डब्यात काही आठवडे ठेवावीत आणि पाठवणी शक्यतो कोरड्या ऋतूत करावी.

जुने कार्ड खराब आहे म्हणून वगळणे

ही उलट दिशेची चूक आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. 1952 च्या टॉप्स संचातील बेसबॉलपटू मिकी मँटलचे कार्ड किंवा वर उल्लेखलेले जॉर्डनचे कार्ड यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. अशा कार्डांच्या बाबतीत ग्राहक आधी अस्सलपणासाठी पैसे मोजतो, स्थितीसाठी नंतर, त्यामुळे 2 किंवा 3 ची ग्रेडसुद्धा खर्च सहज भरून काढते. याउलट गेल्या दोन-तीन वर्षांतील पाकिटातून निघालेल्या कार्डाच्या खरेपणाबद्दल सहसा कोणाला शंकाच नसते, म्हणून तिथे सगळी मदार वरच्या ग्रेडवर येते.

बबलगमबरोबर मिळणारी, धावा आणि विकेटी छापलेली क्रिकेटची कार्डे अनेकांनी जपली आहेत. ती ग्रेड करून घ्यावीत का, असे लोक विचारतात. त्यांचा ग्राहक थोडा आहे, त्यामुळे पैशाच्या हिशेबात ती बसत नाहीत. लहानपणाची आठवण काचेसारख्या डबीत ठेवायची असेल तर तो खर्च हौसेचा आहे, आणि हौसेला हिशेब विचारू नये.

फॉर्म भरताना आणि निकालानंतर

सेवेचा स्तर कार्डाच्या ग्रेडनंतरच्या अंदाजे मूल्यावर ठरतो. शुल्क वाचवण्यासाठी मूल्य कमी लिहिले, तर कंपनी वरच्या स्तराचा फरक वसूल करते आणि वाटेत पार्सल हरवल्यास भरपाईही त्याच अपुऱ्या आकड्यावर मागावी लागते. कार्ड आधी पातळ स्लीव्हमध्ये आणि मग लवचिक अर्धकठीण धारकात घालावे. टॉपलोडर नावाच्या कडक प्लास्टिक धारकातून कार्ड ओढून काढताना कोपरे दुखावतात. जाणाऱ्या पार्सलची कागदपत्रे जपावीत, कारण परत येणारी वस्तू आपलीच होती हे कस्टम्सला दाखवावे लागू शकते.

अपेक्षेपेक्षा कमी ग्रेड आली, तर डबी लगेच फोडू नये. आधी डबीसकट कार्ड त्याच तिरक्या प्रकाशात धरून पाहावे; बहुतेक वेळा निसटलेली रेषा आता दिसते. ती दिसली नाही, सेंटरिंगही मापात असले आणि वरच्या ग्रेडचा भाव दुसऱ्यांदा होणारा संपूर्ण खर्च भरून काढण्याइतका असला, तरच फेरतपासणी मागावी, आणि तीही कार्ड डबीतच ठेवून, म्हणजे फोडताना कोपरा मोडण्याचा धोका राहत नाही.