खाद्य चांगले दिसते, तरी प्राणी का खंगतो? साठवणुकीतल्या या चुका टाळा

प्राणी खाईनासा झाला, अंग आखडून बसू लागला, केस राठ झाले, की संशय आधी रोगावर जातो. तपासण्या होतात, औषधे सुरू होतात. खाद्याची गोणी मात्र कोपऱ्यात तशीच राहते. प्रयोगशाळेतला उंदीर असो की घरातले मांजर, आपण समोर ठेवू तेवढेच त्याच्या पोटात जाते. म्हणून तपासणीची सुरुवात गोणीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

पण त्याही आधी पाण्याची बाटली पाहा. नळीचे टोक अडकले असेल तर उंदीर, घुशी, ससे पाण्यावाचून खाणेही सोडतात, आणि आपण उगाच खाद्याला दोष देत बसतो. बोटाने नळीची गोळी दाबून थेंब येतो का, ते रोज बघायचे.

आता गोणी. सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे खरेदीच्या दिवसापासून हिशेब करणे. खाद्याचे वय सुरू होते ते कारखान्यात तयार झाले त्या दिवशी. नेहमीचे कोरडे गोळीखाद्य नीट साठवले तर उत्पादनानंतर साधारण ६ महिने वापरता येते. शुद्ध घटकांपासून बनवलेले प्रायोगिक खाद्य त्याहून नाजूक. ते ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड जागीच ठेवावे लागते.

गिनीपिगच्या बाबतीत तर ही चूक जिवावर बेतते. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोज खाण्यातूनच मिळावे लागते. खाद्यातले साधे क जीवनसत्त्व जेमतेम ३ महिने टिकते. स्थिर स्वरूपातले वापरले असेल तर मुदत वाढते, पण तसे लेबलवर लिहिलेले असायला हवे. गोणी दुकानात दोन महिने पडून असेल आणि तुम्ही ती पुढचे तीन महिने पुरवून वापरलीत, तर शेवटी प्राण्याला पोटभर खाऊनही स्कर्व्ही होतो. तो हलायला नाखूश असतो, सांधे सुजतात, उचलताच कळवळतो, कधी हिरड्यांतून रक्त येते. अशी लक्षणे दिसली की उत्पादनाची तारीख वाचा, ताजी गोणी उघडा, रोज ढोबळी मिरचीसारखी क जीवनसत्त्व असलेली ताजी भाजी द्या आणि पशुवैद्याला दाखवा. पाण्यात थेंब टाकण्यावर विसंबू नका. पाण्यात ते लवकर नष्ट होते, शिवाय चव बदलल्याने काही प्राणी पाणीच कमी पितात. सशाचे खाद्य गिनीपिगला देणेही याच कारणाने चुकीचे, कारण त्यात क जीवनसत्त्वाची सोय केलेली नसते.

मांजराला कायम कुत्र्याचे खाद्य देण्यातही असाच धोका आहे. मांजराला टॉरिन हे अमिनो आम्ल खाद्यातून आयते मिळावे लागते. ते कमी पडले की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू दुबळे पडतात. हृदयविकाराशी असलेला हा संबंध १९८७ मध्ये समोर आला.

दुसरी मोठी चूक म्हणजे वरून भरत राहणे. घरी डब्यात जुन्या खाद्यावर नवे ओतले जाते, प्रयोगशाळेत पिंजऱ्यावरच्या जाळीत तेच होते. तळाच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे तशाच राहतात. कुत्र्या-मांजरांच्या कोरड्या खाद्यावर चरबीचा थर दिलेला असतो. ती डब्याच्या भिंतीला चिकटून खवट होते आणि ताज्या खाद्यालाही खराब करते. भूक असूनही कुत्रा वाडग्याला हुंगून मागे फिरत असेल, तर डब्याच्या तळाचा वास घ्या. खाद्य मूळ पिशवीतच, तोंड घट्ट गुंडाळून, झाकणाच्या डब्यात ठेवणे सर्वांत बरे. डबा रिकामा झाला की धुऊन पूर्ण कोरडा करा, मगच नवे भरा.

जागा कोरडी, अंधारी आणि शक्यतो २१ अंशांच्या खाली हवी. गोण्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. फळीवर ठेवा आणि मागे हात जाईल एवढी जागा सोडा, म्हणजे झाडता येते आणि किडे, उंदरांच्या लेंड्या वेळीच दिसतात. जुनी गोणी पुढे, नवी मागे. शीतगृहातून काढलेली गोणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर थंड गोळ्यांवर दव साचते आणि बुरशीला हवा तो ओलावा मिळतो.

बुरशीबाबत तडजोड अजिबात नको. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. कारण होते दूषित शेंगदाणा पेंड, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. हे विष उन्हात वाळवून किंवा भाजून जात नाही. बुरशी खरवडली तरी ते आत राहते. काही वेळा तर बुरशी दिसतही नाही आणि विष असते. खाणे सोडून उलट्या करणारा, डोळे-हिरड्या पिवळ्या पडलेला कुत्रा दिसला तर ते खाद्य त्याच क्षणी बंद करून दवाखाना गाठा.

प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट हमखास चुकते: साधे खाद्य ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या गरम वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक करणे. उष्णतेने थायमिन आणि अ जीवनसत्त्व घटते, म्हणून त्यासाठी ही जीवनसत्त्वे जादा घातलेले खाद्यच घ्यावे लागते. ऑटोक्लेव्हनंतर पिल्लांची वाढ खुंटली तर गोळी हातात घेऊन बघा. ती दगडासारखी कडक झाली असेल तर लहान उंदरांना कुरतडताच येत नाही.

खाद्य बदलताना आठवडाभर जुन्यात नवे थोडे थोडे वाढवत न्या. एकदम बदलले की पोट बिघडते आणि दोष नव्या खाद्यावर येतो.

आणि लेबल फेकू नका. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत मेलामाइनमिश्रित खाद्यामुळे कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि बाजारातून माल परत मागवावा लागला. अशा वेळी आपल्या घरात कोणता बॅच आहे हे सांगणारा एकमेव पुरावा म्हणजे ते लेबल. प्रयोगशाळेत बॅच क्रमांक नोंदवहीत लिहा आणि प्रत्येक बॅचचा मूठभर नमुना तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे पुढे शंका आली तर तपासायला काहीतरी हाताशी असेल.