फर्स्ट नेशनमध्ये सुरक्षिततेचा अभ्यास करायचाय? प्रश्नावली नंतर, करार आधी

कॅनडात अपराधशास्त्र किंवा समाजकार्य शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला असा प्रकल्प येऊ शकतो: अमुक फर्स्ट नेशनमध्ये (तिथल्या एका आदिवासी समाजात) लोकांना कितपत सुरक्षित वाटतं, ते शोधा. लगेच प्रश्न लिहायला बसू नका.

कॅनडाच्या लोकसंख्येत आदिवासी सुमारे ५ टक्के आहेत, तर केंद्रीय तुरुंगांत त्यांचं प्रमाण २०२० साली ३० टक्क्यांच्या वर गेलं. आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या सरकारी निवासी शाळांसाठी मुलं उचलून नेण्यात पोलिसांचाही हात होता. त्यामुळे 'सुरक्षितता' हा शब्द ऐकून समोरचा आधी दार लावून घेतो. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि पारध्यांचे हाल ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे फोड करून सांगायला नको. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ज्या ९४ शिफारशी केल्या, त्यातली ३९वी गुन्ह्यांना बळी पडलेल्या आदिवासींची आकडेवारी गोळा करून प्रसिद्ध करा, असं सांगते. म्हणून सुरुवात 'कुणी केलं' यापेक्षा 'कुणाला सोसावं लागलं' इथून करा.

नावं नीट घ्या. फर्स्ट नेशन्स, इनुइट (उत्तर ध्रुवाकडचे) आणि मेटी (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे) हे तीन वेगळे आदिवासी समाज आहेत. तिथला 'इंडियन अ‍ॅक्ट' हा फर्स्ट नेशन्सबाबतचा कायदा आजही त्याच नावाने लागू आहे, पण तो शब्द माणसांसाठी वापरू नका. (आपण स्वतःची ओळख 'इंडियन' अशी करून दिली की थोडा गोंधळ उडतो, 'भारतातून आलोय' म्हणावं.)

परवानगी कुणाची, यात सगळ्यात जास्त चुका होतात. केंद्रीय निधीच्या संशोधनाला लागू असलेल्या नीतिधोरणाचं नववं प्रकरण समाजाला सुरुवातीपासून सोबत घ्यायला सांगतं. विद्यापीठाच्या नीतिसमितीचा होकार म्हणजे समाजाचा होकार नव्हे. निवडून आलेली बँड कौन्सिल (फर्स्ट नेशनचा कारभार पाहणारी समिती) एक बाजू, वंशपरंपरेने आलेले प्रमुख दुसरी. ब्रिटिश कोलंबियातल्या वेटसुवेटेन या फर्स्ट नेशनच्या प्रदेशातल्या गॅसवाहिनीवरून २०२० मध्ये देशभर रेल्वे अडल्या, त्यामागे हीच फट होती: कौन्सिलांनी करार केले होते, वंशपरंपरागत प्रमुखांचा विरोध होता. तेव्हा कौन्सिलचा लेखी ठराव घ्याच, पण ज्येष्ठांना आणि महिलांच्या गटालाही भेटा. प्रेअरी भागात (पश्चिमेकडच्या गवताळ प्रांतांत) ज्येष्ठांकडे काही मागताना तंबाखू देण्याची रीत आहे; इनुइटांकडे ती नाही. आधी विचारून घ्या. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये काम असेल तर संशोधनाचा स्वतंत्र परवानाही लागतो.

मग करार. फर्स्ट नेशन्सनी १९९८ मध्ये माहितीबद्दल चार हक्क मांडले: मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा. त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'ओकॅप' म्हणतात. पहिले तीन कागदावर सहज येतात, घोडं अडतं ताब्यापाशी, कारण माहिती विद्यापीठाच्याच सर्व्हरवर राहते. मूळ फाइल कुठे राहील, ती कोण उघडेल, प्रकल्प संपल्यावर कधी पुसली जाईल, हे तारखेसकट लिहा. दुसऱ्या अभ्यासासाठी पुन्हा परवानगी, हे कलम वगळू नका. ब्रिटिश कोलंबियातल्या नू-चा-नल्थ लोकांनी १९८० च्या दशकात संधिवाताच्या संशोधनासाठी रक्त दिलं. ते त्यांना न विचारता भलत्याच अभ्यासांना वापरलं गेलं आणि २००४ मध्ये परत मिळालं.

संमतिपत्रात एक ओळ ठळक हवी: मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं तर कायद्याने ते कळवावं लागतं. हे मुलाखतीआधी सांगा. मध्येच सांगितलंत तर बोलणारी बाई उठून जाईल, आणि तिचं बरोबरच असेल.

मुलाखत देणाऱ्याचं मानधन त्याच दिवशी हातात द्या. त्यासाठी विद्यापीठाकडून आगाऊ रक्कम मंजूर करून घ्यायला वेळ लागतो. दूरच्या वस्तीत गिफ्ट कार्ड चालेल असं दुकानच नसतं. ओळखीपासून करारापर्यंत सहा महिने ते वर्ष धरा. जेम्स बे या उपसागराजवळच्या क्री (हेही एक फर्स्ट नेशन) वस्त्यांत वसंतात बदकहंसांच्या शिकारीला सगळे रानात जातात, तेव्हा जाऊ नका. गावात मयत झालं तर काम थांबवा, तारखांवरून हुज्जत नको.

आता आकडे. ९०० वस्तीच्या गावात मारहाणीच्या नोंदी ३ वरून ६ झाल्या, तर लाखामागचा दर ३३३ वरून ६६७ होतो आणि बातमी येते, 'गुन्हे दुप्पट'. कदाचित त्या वर्षी पोलीस चौकी सुरू झाली असेल, नाहीतर फोनला रेंज आली असेल. अशा ठिकाणी दर काढूच नका. पाच वर्षांच्या नोंदी एकत्र द्या आणि नोंदीची पद्धत कधी बदलली ते शेजारी लिहा. ५ पेक्षा लहान आकडा तक्त्यात दाखवू नका. एकच चौकट झाकून भागत नाही, बेरजेतून ती वजा करून काढता येते. तिच्या ओळीतली आणि रकान्यातली आणखी एकेक, आणि त्या दोन्हींच्या छेदावरची चौथीही झाका. 'सोळा वर्षांची मुलगी, मार्च, एक घटना' एवढं वाचलं तरी गावाला घर कळतं.

मसुदा छापण्याआधी समाजाकडे किमान ६० दिवस राहू द्या. निष्कर्ष पटला नाही तर त्यांचं म्हणणं त्याच अहवालात, त्याच आकाराच्या अक्षरांत छापायचं, हेही करारातच ठरवा. अहवाल हातात आल्यावर हा विषय काढलात तर उशीर झालेला असतो.