नक्षी शाबूत, टायर बाद: मोटरहोमचे टायर कसे निवडावे आणि बदलावे

टॅक्सीचा टायर घासून संपतो, मोटरहोमचा, म्हणजे व्हॅनवर बांधलेल्या चालत्या घराचा, टायर उभ्या-उभ्या म्हातारा होतो. वर्षातून चार-सहा सहली आणि बाकीचे महिने अंगणात, असा या गाड्यांचा दिनक्रम. त्यामुळे आठ वर्षांनंतरही नक्षी खोल दिसते आणि मालक निर्धास्त राहतो. एप्रिलच्या उन्हात, भरल्या गाडीने, महामार्गावर तासन्‌तास पळताना तोच टायर फुटतो. फुटलेल्या टायरची पट्टी मडगार्डच्या आत गरगर फिरते आणि चाकावरचा प्लायवुड, सांडपाण्याचा पाइप, वायरिंग असे जे सापडेल ते फाडत जाते. टायरच्या किमतीपेक्षा ही डागडुजी महाग पडते.

आधी काटा करा

टायरच्या दुकानात जाण्याआधी वजनकाट्यावर जा. व्हॅनवर घर बांधताना फर्निचर, फ्रिज, एसी, बॅटऱ्या अशी भर पडत जाते आणि वजनाचा हिशेब कुणीच ठेवत नाही. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. इन्व्हर्टरची १५० एएचची लेड-ॲसिड बॅटरी पन्नास-साठ किलो भरते. वर छतावरची कापडी चांदणी, सायकली, सहा माणसे.

गाडी सहलीला निघते तशी पूर्ण भरा: पाणी, डिझेल, सामान, माणसे. काट्यावर आधी फक्त पुढची चाके चढवा आणि वजन घ्या. मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाके. काट्याच्या दोन्ही बाजूंना जागा सपाट असेल तर एका बाजूचीच चाके काट्यावर ठेवून डावी-उजवीकडचा फरकही काढा. हे वजन सहसा कुणी घेत नाही, पण नेमके तेच घोटाळा उघड करते. समजा मागच्या एक्सलवर २,२४० किलो आहेत. दोन टायरांत वाटले तर प्रत्येकी १,१२०. पण स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी दोन्ही डावीकडे असतील, तर डावीकडे १,२१० आणि उजवीकडे १,०३० निघू शकतात. टायर निवडायचा तो १,२१० वाल्यासाठी.

टायरवर काय लिहिले आहे

उदाहरण घेऊ: २३५/६५ आर १६ सी ११५/११३ आर. टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूभिंतीची (रिमपासून नक्षीपर्यंतच्या बाजूची) उंची रुंदीच्या ६५ टक्के, रेडियल बांधणी, १६ इंची रिम. ‘सी’ म्हणजे व्यावसायिक वाहनाचा टायर. खरी गोष्ट पुढच्या आकड्यांत आहे. ११५ हा भार-निर्देशांक, त्याचा अर्थ एका टायरला १,२१५ किलो. तिरप्या रेघेनंतरचा ११३ म्हणजे मागे डबल टायर असतील तेव्हा प्रत्येकी १,१५० किलो. शेवटचा ‘आर’ म्हणजे ताशी १७० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा.

वरच्या उदाहरणातला १,२१० किलोंचा कोपरा या टायरवर बसतो, तोही पाच किलोंच्या फरकाने. कागदावर पास. पण खड्डा, घाटातले वळण, उन्हाळा यांसाठी हातात काहीच उरत नाही. मोजलेल्या वजनावर किमान १० ते १५ टक्के शिल्लक असायला हवी. त्याच मापात १२१/११९ चा टायर मिळाला तर एका टायरची क्षमता १,४५० किलो होते. मात्र तेवढा भार तो जास्त हवेवरच पेलतो, आणि ती हवा तुमच्या रिमला झेपते का हे तपासावे लागते. शिवाय जबरदस्त टायर घातल्याने एक्सलची किंवा गाडीची मान्य वजनमर्यादा वाढत नाही. ती ओलांडली असेल तर टायर बदलण्याआधी सामान उतरवा.

माप मात्र गाडीच्या स्टिकरवरचेच ठेवा. ‘जरा रुंद घाला, गाडी चिकटून चालते’ हा सल्ला कारसाठीही धड नाही. मागे डबल टायर असतील तर रुंद टायर एकमेकांना घासतात, तापतात आणि दोन्ही जातात.

युरोपात भाड्याने मोटरहोम घेणाऱ्यांना टायरवर ‘सीपी’ अशी अक्षरे दिसतील. कायम भरलेल्या, बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी हे जाड बाजूभिंतीचे टायर बनवतात. मागच्या एक्सलवर त्यांना साधारण ५.५ बार, म्हणजे ८० पीएसआय हवा सांगितलेली असते. आकडा पाहून दचकू नका आणि हवा सोडू तर मुळीच नका.

जन्मतारीख वाचा

बाजूभिंतीवर चार आकडी शिक्का असतो. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. काही टायरांवर तो एकाच बाजूला, तोही आतल्या, असतो. गाडीखाली वाकावे लागते.

पाच वर्षे झाली की दरवर्षी टायर उतरवून आतून-बाहेरून तपासून घ्या. दहा वर्षे ही उत्पादकांनी सांगितलेली कमाल हद्द. उन्हात उभ्या राहणाऱ्या, भरल्या गाडीसाठी आम्ही सहा-सात वर्षांतच बदला असे म्हणू. कारण रबरात घातलेले मेण टायर फिरत असताना पृष्ठभागावर येते आणि ओझोनपासून बचाव करते. गाडी उभी राहिली की हे मेण वर येणे थांबते. मग बाजूभिंतीवर आणि नक्षीच्या खोबणीत बारीक भेगा पडतात. भेगा, फुगा किंवा तारा दिसल्या तर वय न पाहता टायर काढा. नक्षीच्या खोबणीतले छोटे उंचवटे झिजून नक्षीशी समतल झाले, म्हणजे १.६ मिलिमीटरच उरले, तर टायर संपला. पावसाळ्यात इतके थांबूच नका, तीन मिलिमीटरला बदला.

सर्वांत दुर्लक्षित टायर म्हणजे चॅसिसखाली लटकणारी स्टेपनी. ती चिखल खाते, तिला कुणी पाहत नाही, आणि वय तिचेही होतच असते.

विकत घेताना

शिक्का दुकानातच पाहा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम. एका एक्सलवर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, एकाच नक्षीचे टायर घाला. रेडियल आणि नायलॉन एका एक्सलवर मिसळायचे नाहीत. रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला) टायर मोटरहोमला नको, पुढे तर अजिबात नको. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे टाका: ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर उंच गाडी सावरणे कठीण जाते.

मागे डबल टायर असतील तर जोडी जुळली पाहिजे. टेप लावून दोन्हींचा घेर मोजा. फरक १९ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर मोठा टायर दुसऱ्याचाही भार उचलतो आणि आधी मरतो. म्हणून डबलमध्ये एक जुना-एक नवा करू नका.

व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी नवेच बसवा. साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात. त्यापेक्षा जास्त हवा भरायची असेल तर धातूचे घ्या. पन्नास-शंभर रुपयांसाठी इथे हात आखडणे परवडत नाही.

चाक उतरवणे आणि बसवणे

१. जागा सपाट आणि कडक हवी. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका, तिरकस विरुद्ध बाजूच्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. माणसे खाली उतरवा.

२. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करा. काही जुन्या व्यावसायिक गाड्यांत डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात. नट जुमानत नसेल तर जोर लावण्याआधी स्टडवर (नट ज्यावर बसतो त्या बोल्टवर) ‘एल’ आहे का ते पाहा.

३. मोजलेल्या वजनाला पुरेल असा बॉटल जॅक कंपनीने दाखवलेल्या जागीच लावा, खाली जाड फळी टाका. घराच्या कोपऱ्यांना जोडलेले पाय गाडी हलू नये म्हणून असतात, उचलायला नाही. त्यांच्यावर गाडी उचलली की ते वाकतात आणि भिंतींचे सांधे उघडतात. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.

४. दुकानात टायर रिमवर चढवताना रिमचा गंज ब्रशने साफ करून घ्या. कडेला साबणपाणी किंवा टायरची पेस्ट लावा, ग्रीस नको. कडा बसवताना ४० पीएसआयच्या वर जायचे नाही. तेवढ्यात बसली नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावायचा. या टप्प्यावर टायरवर वाकून उभे राहू नका.

५. हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) आणि चाकाची बैठक पुसा. रंगाचे पोपडे किंवा माती अडकली तर नट नंतर ढिले होतात. आट्यांना तेल लावू नका; पान्यावर जोर तेवढाच लावला तरी स्टडवर ताण जास्त येतो. डबल टायरमध्ये दोन व्हॉल्व्ह समोरासमोर ठेवा, म्हणजे आतल्यात हवा भरता येते.

६. नट समोरासमोरच्या क्रमाने हाताने आवळा, गाडी खाली घ्या, मग टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत न्या. पान्याला पाइप लावून त्यावर उभे राहणे हा टॉर्क नव्हे. वाऱ्याच्या गनने आवळले असतील तरी शेवटचा टॉर्क हाताने तपासून घ्या.

७. बॅलन्सिंग करून घ्या. पुढच्या चाकांचे अलाइनमेंट गाडी नेहमीच्या वजनाने भरलेली असताना करून घेतले तर आकडे खरे येतात.

हवा

दरवाजाच्या खांबावरचा आकडा मूळ व्हॅनचा असतो, त्यात बांधलेल्या घराचा नव्हे. मोजलेले वजन घेऊन टायर कंपनीच्या तक्त्यात पाहा. पुढची आणि मागची हवा वेगळी निघेल. कमी हवेत बाजूभिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते, तापते, आणि आतले थर सुटतात. हवा थंड टायरवर, म्हणजे निघण्याआधी सकाळी मोजा. दुपारी ढाब्यावर काटा वर गेलेला दिसला म्हणून हवा सोडू नका: संध्याकाळी टायर थंड झाला की ती कमी पडेल. पंपावरची मशीन अनेकदा एवढी हवा देत नाही किंवा चुकीची दाखवते, म्हणून स्वतःचा गेज ठेवा.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर हवा पूर्ण ठेवा, चाकांखाली प्लायवुडचे तुकडे टाका, टायरांवर कापड घाला आणि महिन्यातून एकदा गाडी थोडी पुढे-मागे करा. चमकवण्याचे पेट्रोलियमयुक्त पॉलिश लावू नका, ते रबरातले मेण धुऊन नेते.

नव्या टायरांवर पहिले पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की थांबा आणि सगळे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा.