सांगलीत फ्लॅट घेताय? सांगितलेला भाव आणि झालेला भाव असे पडताळा

विश्रामबागेतल्या टू बीएचकेचा भाव एजंट एक सांगतो, ऑनलाइन जाहिरातीत दुसराच दिसतो. दोन्ही आकडे विकणाऱ्याच्या अपेक्षेचे. त्याच इमारतीतला तसाच फ्लॅट अलीकडे कितीला गेला, हे मात्र नोंदणीच्या कागदावर असतं, आणि तो कागद कुणालाही पाहता येतो. माझी सगळी नोकरी बँकेत गृहकर्जाच्या फायली हाताळण्यात झाली. आयुष्याची पुंजी घालणारी माणसं एवढा शोध न घेताच टोकन देऊन येतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी विकणाऱ्याकडून जुन्या कराराची झेरॉक्स मागा. त्यात सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर असतो. मग राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च' उघडा. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक भरला की त्या मिळकतीच्या दस्तांची यादी येते. प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक २, म्हणजे आपला इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा थोडक्यात गोषवारा), तिथेच वाचता येते. गेल्या वर्ष-दीड वर्षातलेच व्यवहार घ्या.

इंडेक्स टू नीट वाचायला हवा. 'मोबदला' म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत. त्याखालचा 'बाजारभाव' हा रेडीरेकनरवरून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भागवार दरांच्या तक्त्यावरून काढलेला आकडा. मुद्रांक शुल्क या दोन्हींपैकी जास्त रकमेवर लागतं. मोबदला आणि बाजारभाव अगदी चिकटून असतील तर तो व्यवहार माझ्या मते कच्चा पुरावा, कारण काही रक्कम कागदाबाहेर गेली असण्याची शक्यता राहते. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत वगळा, त्या विक्री नव्हेत. एकाच फ्लॅटचा आधी करारनामा आणि नंतर खरेदीखत नोंदलेलं असेल तर तो एकच व्यवहार धरा.

सगळ्यात जास्त गोंधळ क्षेत्रफळात होतो. समजा, मालक ५२ लाख मागतोय आणि '११०० स्क्वेअर फूट' म्हणतोय. भाव झाला फुटाला साधारण ४,७२७ रुपये. ऐकायला बरा वाटतो. पण ते सुपर बिल्टअप (जिना, लॉबीचा वाटा धरून) आहे आणि कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं वापराचं क्षेत्र, ८०० फूटच आहे, तर खरा भाव ६,५०० पडला. आता इंडेक्स टूमध्ये वरच्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट ७४.३ चौरस मीटर कार्पेट, मोबदला ४५ लाख असा सापडला. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणा: ८०० फूट. म्हणजे ५,६२५ रुपये. फुटामागे ८७५ रुपयांचा हा फरक कशाचा, ते मालकालाच विचारा. दस्तात क्षेत्र कार्पेट आहे की बिल्टअप (भिंतींसह), ते मात्र आधी बघा. डुप्लेक्स किंवा गच्चीच्या फ्लॅटला जास्त जपा: रेरा या गृहप्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्याच्या व्याख्येत फ्लॅटला जोडलेली बाल्कनी आणि उघडी गच्ची कार्पेटमध्ये येत नाही, त्यामुळे गच्चीचे पैसे वेगळे मांडा.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटच्या भावात जीएसटी मिळवून तुलना करा. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकल्या जाणाऱ्या फ्लॅटला तो लागत नाही.

सांगलीत आणखी एक रकाना लागतोच: पुराचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभाग, मारुती चौक या नदीकडच्या बाजूचा व्यवहार विश्रामबागेशेजारी ठेवून सरासरी काढली तर ती कुणाच्याच कामाची नाही. २०१९ आणि २०२१ ला पार्किंगमध्ये पाणी कुठपर्यंत आलं, मीटर बोर्ड बुडाला का, हे वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला विचारा. एजंटाच्या उत्तरावर थांबू नका.

जाहिरातींचाही उपयोग आहे. वहीत तारीख घालून मागणीचा भाव लिहा आणि महिन्याने पुन्हा बघा. एकच फ्लॅट तीन एजंटांकडे असतो, तो एकदाच मोजा. जो फ्लॅट बरेच महिने तसाच पडून आहे किंवा ज्याचा भाव उतरलाय, तिथे बोलणी होतात.

शेवटी सारखे पाच-सहा झालेले व्यवहार कार्पेटच्या दराने चढत्या क्रमाने लिहा आणि मधला दर धरा. एखाद्या विचित्र व्यवहाराने सरासरी बिघडते, मधला दर सहसा टिकतो. लिफ्ट नसेल, पार्किंग उघड्यावर असेल, तर त्यातून वजा करा. हा कागद आणि इंडेक्स टूच्या प्रिंट घेऊनच मालकासमोर बसा, आणि पहिला आकडा तुम्ही सांगा.