मुलाचा ताबा निम्मा-निम्मा असेल, तर पोटगीचा आकडा कसा काढावा

मूल आईकडे आणि वडिलांकडे सारखेच दिवस राहणार असे ठरले, की कोणीतरी जाणकार ठामपणे सांगतो, "मग पोटगीचा प्रश्नच मिटला." हा सल्ला साफ चुकीचा आहे. आपल्याकडे दिवस मोजून रक्कम काढण्याचे कोणतेही कायदेशीर कोष्टक नाही. विधी आयोगाने २०१५ साली आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली असली, तरी आजही अशी व्यवस्था मुख्यतः पक्षकारांच्या संमतीच्या अटींवर आणि न्यायाधीशांच्या विवेकावर उभी असते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० नुसार मुलाच्या निर्वाहाची जबाबदारी दोघांवरही आहे, आणि ती कोणी किती उचलायची हे दिवसांपेक्षा ऐपतीवर ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका प्रकरणात दोघांच्या पगाराचे प्रमाण साधारण दोनास एक आहे हे पाहून मुलांचा खर्चही त्याच प्रमाणात वाटून दिला होता. आकडेमोडीला तोच पाया धरावा.

हे प्रमाण काढण्यासाठी दोघांनी उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र सर्वोच्च न्यायालयाच्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या २०२० च्या निकालाला जोडलेल्या नमुन्यात भरावे. शेतीवर उपजीविका असणाऱ्यांसाठी त्यात वेगळा नमुना आहे. आयकर आणि सक्तीची भविष्यनिर्वाह निधीची कपात वजा करावी, पण स्वतःच्या फ्लॅटचा हप्ता वजा करून गरिबी दाखवू नये, कारण समोरचा वकील पहिले बोट तिथेच ठेवतो.

खरी मेख यापुढे आहे, आणि सुरुवातीला मीही याच टप्प्यावर अडखळत असे. मुलाचा खर्च दोन प्रकारचा असतो. जेवणखाण, दूध, वीज, अंथरूण-पांघरूण हा खर्च मूल ज्या घरी असेल त्या घरी आपोआप होतो. शाळेची फी, व्हॅन, क्लास, गणवेश, विमा, चष्मा हा खर्च मात्र मूल कुठेही झोपले तरी एकदाच होतो आणि तो कोणातरी एकालाच भरावा लागतो. या दोन याद्या वेगळ्या केल्याशिवाय आकड्यावर बोलणीच सुरू करू नयेत. जूनमधली वह्या-पुस्तके आणि दिवाळीचे कपडे यांसारखे वर्षातून एकदाच येणारे खर्च बाराने भागून मासिक यादीत घालावेत. नेमके तेच विसरले जातात आणि मग दर जूनला भांडण होते.

समजा, वडिलांच्या हाती महिन्याला ८०,००० रुपये येतात आणि आईच्या हाती ४०,०००. दोन्ही घरांत मुलावर प्रत्येकी ६,००० खर्च होतात, आणि शाळा, क्लास वगैरे मिळून १८,०००. एकूण ३०,००० रुपयांपैकी दोनास एक प्रमाणाने वडिलांचा वाटा २०,००० आणि आईचा १०,००० होतो. शाळा-क्लासचा सगळा खर्च आई भरत असेल, तर तिच्या खिशातून २४,००० जातात, म्हणजे वडिलांनी तिला दरमहा १४,००० द्यायला हवेत. त्याच १८,००० पैकी १२,००० ची फी वडील परस्पर शाळेत भरत असतील, तर द्यायची रक्कम अवघी २,००० उरते. दिवस तेच, पगार तोच, पण आकडा सातपट बदलतो. म्हणून "दोघांनी खर्च समान करावा" असले मोघम वाक्य अटींमध्ये कदापि लिहू देऊ नये. कोणता खर्च कोण भरणार आणि उरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत कोणाच्या खात्यात जाणार, हे नावानिशी लिहावे. एकच तयार आकडा छापून आणणारा मसुदा परत पाठवावा.

त्याच अटींमध्ये वार्षिक वाढ, अचानक उद्भवणारा दवाखान्याचा खर्च आणि अठरा वर्षांनंतरचे कॉलेजशिक्षण यांची तरतूद करून घ्यावी. "भविष्यात मुलासाठी काहीही मागणार नाही" या ओळीवर विसंबून राहू नये, कारण निर्वाहाचा हक्क मुलाचा आहे आणि तो आई-वडिलांना परस्पर सोडून देता येत नाही. कोणाची नोकरी गेली किंवा पगार वाढला, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली आदेशात बदल मागता येतो. तोंडी तडजोड करून रक्कम कमी-जास्त करू नये.

पैसे रोख देऊ नयेत, बँकेतूनच द्यावेत. रक्कम थकली म्हणून मुलाला पाठवायचे थांबवू नये, आणि मूल पाठवले नाही म्हणून रक्कमही अडवू नये. न्यायालय या दोन गोष्टी एकमेकींच्या बदल्यात ठेवू देत नाही. आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा असेल, तर थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो.