स्वरयंत्राचा नमुना: कापणीपासून जारपर्यंत

सुरी हातात घेण्याआधी हा नमुना विद्यार्थ्याला नेमकं काय दाखवणार आहे ते ठरवा. एकाच स्वरयंत्रात स्नायू, स्वररज्जू आणि नर्व्ह असं सगळंच दाखवायला गेलं की सगळ्याचाच विचका होतो. खालची पद्धत स्वररज्जू आणि रिकरंट नर्व्ह (स्वरयंत्राचे स्नायू हलवणारा मज्जातंतू) दाखवण्यासाठी आहे. स्नायूंसाठी दुसरं स्वरयंत्र ठेवा.

देहदानातून आलेला, आधीच एम्बाम केलेला (रसायन भरून टिकवलेला) देह घ्यावा. जारवर क्रमांक लिहा, दात्याचं नाव कधीही नको.

वर हायॉइड (जिभेखालचं हाड) आणि जिभेचं मूळ, खाली श्वासनलिकेच्या चार-पाच कड्या, सोबत थायरॉइड ग्रंथीचे दोन्ही लोब (भाग) आणि मागे अन्ननलिका, असा सलग ठोकळा काढा. नर्व्ह शोधायची ती खालून, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या खाचेत. तिथून ती क्रिकोथायरॉइड सांध्याच्या (स्वरयंत्राच्या क्रिकॉइड आणि थायरॉइड या दोन कूर्चांमधल्या सांध्याच्या) मागे शिरते, तिथपर्यंत बोथट चिमट्याने, तिच्या लांबीच्या दिशेनेच ऊती सोडवत जा. शेवटच्या सेंटिमीटरभरात फार जपावं लागतं. बेरीचा लिगामेंट (तंतूंचा पट्टा) लोबला श्वासनलिकेशी घट्ट धरून असतो आणि नर्व्ह त्याला अगदी बिलगून जाते. लोब ओढला की ती इथेच तुटते. म्हणून आधी नर्व्ह मोकळी करा, मगच लोब उचला. तिच्याखालून रंगीत नायलॉनचा दोरा ओवून ठेवा. लोखंडी टाचणी नको, गंजाचे डाग कायमचे राहतात.

आता स्वरयंत्र मागून उघडा: आधी घशाची मागची भिंत, मग दोन ॲरिटेनॉइडच्या (स्वररज्जूंच्या मागच्या टोकांच्या छोट्या कूर्चांच्या) मधून क्रिकॉइडची पाटी, मग श्वासनलिकेचा मागचा पडदा. समोरून कापलंत तर दोन्ही स्वररज्जू जिथे जुळतात तोच सांधा जातो. मध्यरेषा सोडायची नाही, बाजूला नर्व्ह आहेत. वयस्कर देहात कूर्चेचं हाड झालेलं असतं, ती वाकत नाही, तडकते. तिथे बारीक करवत वापरा आणि कडा दीड सेंटिमीटरहून जास्त फाकवू नका. मध्ये पर्स्पेक्सची (पारदर्शक ॲक्रिलिकची) पट्टी अडकवली की उघडं राहतं.

वाहत्या पाण्यात २४ तास धुवा. राहिलेलं रक्त पुढे द्रव गढूळ करतं.

द्रव असा: १०० मिली बाजारी फॉर्मलिन (३७–४० टक्के), ९०० मिली डिस्टिल्ड पाणी, ४ ग्रॅम मोनोसोडियम फॉस्फेट (मोनोहायड्रेट), ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम फॉस्फेट. हे क्षार टाळू नका. साधं फॉर्मलिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि हायॉइड मऊ पडतं. नायट्राइल हातमोजे, चष्मा आणि चालू एक्झॉस्ट हवाच; फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे.

नमुना पर्स्पेक्सच्या पाटीला नायलॉनने बांधा. जारमध्ये बुडवताना आडवा-उभा हलवा. व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे स्वररज्जूवरच्या फटीत, हवेचा बुडबुडा अडकतो आणि नेमकी तीच झाकून टाकतो. झाकण चिकटवण्याआधी आठवडाभर थांबा. झाकणाला ३ मिमीचं छिद्र ठेवा, सिरिंजने शेवटचा द्रव तिथूनच भरा आणि मग बूच लावा. पातळी उतरली की याच छिद्रातून पुन्हा भरता येतं.