बावीस घरं, एक विहीर: हेल्थ डेटात नवीन येणाऱ्यांसाठी

एमएस्सी स्टॅट झालेले किंवा बीएएमएस करून एमपीएचकडे (पब्लिक हेल्थच्या मास्टर्सकडे) वळलेले बरेच जण विचारतात की या फील्डमध्ये यायचं तर सुरुवात कुठून करू. मी लातूरकडून मुंबईत आले तेव्हा रिग्रेशन पाठ होतं, तरी दोन वर्षं रडले, त्यामुळे जरा कडू लिहीन, सांभाळून घ्या.

बेसिक सांगत बसत नाही. एनएफएचएस म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, देवनारची आयआयपीएस तो बघते, २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतली ६ लाख ३६ हजारांवर घरं होती, हे ठाऊक असेलच. वेट लावा हे तर प्रत्येक यूट्यूबवाला सांगतो. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्हा ९४ लाखांचा आणि गडचिरोली पावणेअकरा लाखांचा, पण सर्व्हेत दोन्हीकडची घरं साधारण सारखीच, म्हणून वेट, म्हणजे प्रत्येक घर किती घरांच्या वतीने बोलतं त्याप्रमाणे त्याला वजन. डेटातला व्ही००५ हा वेटचा कॉलम घ्या, दहा लाखांनी भागा, झालं. मीही लावलं होतं हो. आणि तरीही पडले.

माझा विषय होता विदर्भातल्या लहान मुलांचे जुलाब आणि पिण्याचं पाणी. केआर फाइल (मुलाखत दिलेल्या आयांच्या लहान मुलांची) घेतली, मागच्या दोन आठवड्यांत जुलाब झाले का हा प्रश्न, पाण्याचा सोर्स, लॉजिस्टिक रिग्रेशन चालवलं आणि टेबलात तीन-तीन स्टार, म्हणजे संबंध निव्वळ योगायोगाचा वाटत नाही अशी खूण! गाइड खूश, मी तर हवेतच. डिपार्टमेंटच्या प्रेझेंटेशनला मागे एक रिटायर्ड सर बसले होते, आयुष्यभर फील्डवर सर्व्हे केलेले. ते एवढंच म्हणाले, "काय गं, एका गावात घरं बावीस मोजलीस, विहिरी किती मोजल्यास?"

मला तेव्हा कळलंच नाही. हसले आणि पुढची स्लाइड लावली. रात्री होस्टेलवर कळलं आणि पोटात गोळा आला.

आता हे नीट वाचा, घाईत असाल तर बाकीचं सोडा. सर्व्हे राज्यभरातून सुटी सुटी घरं उचलत नाही. आधी गाव निवडतो (शहरात ब्लॉक), मग त्या गावातली २२ घरं. एका गावची माणसं एकसारखी असतात, तीच विहीर, तीच आशाताई, पावसात तोच तुंबलेला नाला. त्यामुळे दुसऱ्या घराकडून मिळणारी माहिती पहिल्याने अर्धी देऊनच टाकलेली असते. हिशोब साधा आहे: डिझाइन इफेक्ट (गावागावाने घरं घेतल्यामुळे माहिती किती पटीने पातळ होते ते) म्हणजे १ + (म − १) × रो. म म्हणजे एका गावातून आलेली मुलं, रो म्हणजे गावातल्यांचं एकमेकांशी साम्य. समजा गावागणिक ८ मुलं आणि रो ०.३, तर १ + ७ × ०.३ = ३.१. म्हणजे तुमची १००० मुलं प्रत्यक्षात साधारण ३२३ मुलांएवढीच माहिती देतात, आणि स्टँडर्ड एरर (अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप) पावणेदोन पट हवा. माझ्या सॉफ्टवेअरला गाव माहीतच नव्हतं, मी सांगितलंच नव्हतं. गाव सांगून परत चालवलं आणि स्टार उडाले.

सगळ्यात वाईट म्हणजे ही चूक टक्केवारीत दिसत नाही. मी आधी शहाणपणा करून महाराष्ट्राचं स्टंटिंग (वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं) ३५.२ टक्के जुळवून पाहिलं होतं (हे नक्की करा, पण घरातल्या सगळ्या माणसांच्या पीआर फाइलमधून, केआरमधून दशांश जुळत नाहीत आणि डोकं फिरतं). आकडा तंतोतंत आला, वाटलं कोड बरोबर. अहो, वेट बरोबर होतं! क्लस्टर (म्हणजे ते गाव किंवा ब्लॉक) विसरलात तरी टक्केवारी तीच येते, फक्त खोटा आत्मविश्वास येतो. म्हणून रिपोर्टच्या शेवटी सॅम्पलिंग एररचं परिशिष्ट असतं, जे कोणी उघडत नाही, त्यातला स्टँडर्ड एररही जुळवा. स्टाटा सॉफ्टवेअरमध्ये एसव्हीवायसेट कमांडला पीएसयू (तेच क्लस्टर) आणि स्ट्राटा (गावं निवडण्याआधी केलेले गट) दोन्ही द्या, आर सॉफ्टवेअरमध्ये लम्ली यांचं सर्व्हे पॅकेज आहे. आणि फक्त विदर्भ हवा म्हणून बाकीच्या ओळी डिलीट करू नका, सबपॉप ऑप्शन वापरा. हेही मला कोणी सांगितलं नव्हतं.

सीनियरची डू-फाइल (स्टाटाचा कोड) जशीच्या तशी चालवणाऱ्यांबद्दल माझं मत वाईट आहे, कारण मीही तेच केलं होतं, आणि त्या सीनियरने कोणाकडून घेतली होती देव जाणे. गाइडचं म्हणाल तर शंभर पेपरवाल्या मोठ्या नावापेक्षा आठवड्यातून एकदा दार उघडणारा बरा. आणि जमलं तर एकदा तरी फील्ड टीमबरोबर आठ दिवस जा. आजीला वय विचारलं की "असंल साठ" म्हणते, पुढची पण साठ, मग डेटात ६० वर तो डोंगर का दिसतो ते कोणी शिकवावं लागत नाही.

घाबरू नका पण. गणित एवढं अवघड नाही खरंच, बारावीचं आहे. मला जमलं म्हणजे बघा. पण सहा महिन्यांत पेपर काढून देतो म्हणणाऱ्या क्लासला पैसे भरलेत तर मग माझ्याकडे येऊ नका.

विहिरीचा तो रिझल्ट मी थीसिसमध्ये ठेवला, एकही स्टार नसलेला, भलत्या रुंद कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट. व्हायवात एक्स्टर्नलनी त्यावर चकार शब्द काढला नाही, टेबलांचा फाँट तेवढा एकसारखा करा म्हणाले.